ऑक्सफर्डचें विद्यापीठ-ग्रंथालय : तीन दानांची हकीकत

१

जुन्या ग्रंथांचा संग्रह करणाऱ्या मनुष्यास एक प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. आपल्या मागें ह्या पोथ्यांचें काय होणार? पुष्कळदां तो त्याचें उत्तरही मनाशीं ठरवून टाकतो कीं, एखाद्या मोठ्या संस्थेस त्या देऊन टाकल्या, त्यांवर उदक सोडलें, म्हणजे आपण मोकळे झालों. दान केलें कीं ग्रंथ तरले, ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. तिची पारख करण्यास ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा इतिहास फार उपयोगी पडतो, असें आम्हांस वाटतें. त्या एकाच विद्यापीठास सुमारें पावणेतीनशें वर्षांच्या अवधींत तीन मोठीं ग्रंथदानें झालीं. पैकीं पहिलें तंट्यांत सांपडलें, दुसरें बहुतेक समूळ नष्ट झालें, आणि तिसरें चारशें वर्षांवर टिकून आजही वाढत आहे. दाते तिन्ही वेळां उदारच होते. मग फरक कशानें पडला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ह्याच ग्रंथालयांत आपल्या देशांतून गेलेल्या संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह असल्यामुळें हा विषय आमच्या वाचकांस परका वाटूं नये.

२

पहिलें दान वूस्टरचा बिशप टॉमस कोबम ह्याचें. इ. स. १३२० च्या सुमारास त्यानें ऑक्सफर्ड येथील सेंट मेरीच्या देवळास लागून विद्यापीठासाठीं एक दुमजली इमारत बांधावयास घेतली. खालीं विद्यापीठाची सभा भरावी व वर आपले ग्रंथ ठेवावे, असा त्याचा संकल्प होता. तो पुरा होण्यापूर्वींच १३२७ सालीं कोबम वारला, व त्याच्या मागें कर्ज निघालें. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनीं तें फेडण्यासाठीं व उत्तरक्रियेच्या खर्चासाठीं ग्रंथच गहाण टाकले. ऑरिअल कॉलेजनें पैसे भरून ते सोडविले, व सोडविले म्हणून ते आपले, असा हक्क सांगितला. विद्यापीठानें कांहीं वर्षांनीं ते बळानें उचलून नेले. ह्या तंट्याचा कायमचा निकाल लागावयास पंधरावें शतक उजाडावें लागलें. येथें दात्याचा हेतु निर्मळ होता, ग्रंथ होते, जागाही होती. परंतु मालकी कोणाची हें दात्याच्या हयातींत लेखीं पक्कें झालें नाहीं, आणि पुढील खर्चाची तरतूद मुळींच नव्हती. दान दिलें खरें, पण तें दात्याच्या कर्जापासून अलग केलें नव्हतें, एवढ्यानें सर्व बिघडलें.

३

दुसरें दान राजघराण्यांतलें आहे. पांचव्या हेन्रीचा धाकटा भाऊ हंफ्रे, ग्लॉस्टरचा ड्यूक, हा त्या काळच्या इंग्लंडांतील मोठा ग्रंथसंग्राहक. इटलींत नुकत्याच जागृत झालेल्या नव्या विद्येची त्याला गोडी होती, व तिकडील पंडितांकडून त्यानें ग्रीक ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें मिळविलीं होतीं. १४३९ पासून १४४४ पर्यंत त्यानें विद्यापीठास २८१ हून अधिक हस्तलिखितें दिलीं. त्यापूर्वीं विद्यापीठाच्या ग्रंथालयांत अवघे वीसएक ग्रंथ होते असें सांगतात, तेव्हां ह्या दानाचा मोठेपणा वाचकांनींच ताडावा. कोबमची खोली अर्थातच अपुरी पडली. म्हणून त्या वेळीं बांधकाम चालू असलेल्या धर्मशास्त्राच्या पाठशाळेवर एक नवा मजला चढवून तेथें ग्रंथ ठेवण्याचें ठरलें. ड्यूकनें आणखी ग्रंथ व १०० पौंड देण्याचें वचन दिलें होतें. पण तें वचन तोंडीं राहिलें. १४४७ सालीं तो मृत्युपत्र न करतांच वारला, आणि वचनांतले ग्रंथ विद्यापीठास मिळाले नाहींत. पैशाच्या अभावीं बांधकाम रेंगाळलें, व शेवटीं १४८८ सालीं, म्हणजे दात्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनीं, ग्रंथालय उघडलें.

ह्या ग्रंथालयाचें आयुष्य पुरतें ६५ वर्षांचेंही झालें नाहीं. छपाईची कला आल्यापासून हस्तलिखितांची किंमत लोकांच्या मनांत उतरत चालली होती. विद्यापीठाजवळ ग्रंथ वाढविण्यास पैसा नव्हता. त्यांत सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत धर्मसुधारणेची लाट आली. जुन्या मताच्या पुस्तकांचें उच्चाटन करण्याच्या कायद्याचा आधार घेऊन १५५० सालीं ख्राइस्ट चर्चचा डीन रिचर्ड कॉक्स ह्यानें ग्रंथालय रिकामें केलें. कांहीं ग्रंथ जाळले गेले, कांहीं कवडीमोलानें गेले. १५५६ त तर ग्रंथ ठेवण्याच्या मेजांचीं लांकडेंही विद्यापीठानें विकून टाकलीं. ज्या खोलीसाठीं इतकीं वर्षें वाट पाहिली ती वैद्यकाच्या शाखेकडे गेली.

राजसत्तेच्या क्षोभापुढें कोणतें ग्रंथालय टिकणार, असा आक्षेप येथें येईल. तो खोटा नाहीं. पण मेजें विकलीं तीं राजाज्ञेनें नव्हे. ज्या संस्थेस आपल्या ठेव्याचा जाब कोणास द्यावयाचा नसतो, व ज्या ठेव्यामागें उत्पन्न नसतें, तेथें हें असेंच घडतें. मात्र एक गोष्ट ह्या नाशांतूनही वांचली. ड्यूकच्या दानांच्या वेळीं विद्यापीठानें आपल्या दप्तरांत ग्रंथांच्या याद्या उतरून घेतल्या होत्या. ग्रंथ गेले, याद्या राहिल्या. म्हणूनच आज २८१ हा आंकडा आपणांस सांगतां येतो, आणि लंडन, पॅरिस इत्यादि ठिकाणीं विखुरलेले हंफ्रेचे ग्रंथ त्याच्या स्वहस्ताच्या नोंदींवरून व ह्या याद्यांवरून संशोधकांस ओळखतां येतात.

४

तिसरा दाता सर टॉमस बोडले. हा १५४५ सालीं एक्झिटर येथें जन्मला. बाप प्रॉटेस्टंट असल्यामुळें मेरी राणीच्या अमदानींत कुटुंबास देशत्याग करावा लागला, व लहानपणींच जिनीव्हा येथें त्याचें ग्रीक व हिब्रू भाषांचें अध्ययन झालें. पुढें ऑक्सफर्डांत मर्टन कॉलेजचा फेलो, नंतर एलिझाबेथ राणीचा वकील म्हणून हेग येथें मुक्काम, अशी त्याची कारकीर्द झाली. दरबारी राजकारणाचा वीट येऊन त्यानें चाकरी सोडली. १५८६ सालीं त्यानें ॲन बॉल नांवाच्या एका धनाढ्य विधवेशीं विवाह केला होता. तिच्या पहिल्या नवऱ्यानें मासळीच्या व्यापारांत पुष्कळ पैसा मिळविला होता. जगांतील एका थोर ग्रंथालयाच्या भांडवलांत मासळीच्या पैशाचा असा वांटा आहे.

बोडलेनें आपलें छोटेखानी आत्मवृत्त लिहून ठेविलें आहे. त्यांत ग्रंथालयाच्या कामास लागणाऱ्या चार गोष्टी आपल्यापाशीं होत्या असें तो सांगतो: निरनिराळ्या भाषांचें व विद्यांचें ज्ञान, पदरीं द्रव्य, मदतीस येणारे थोर मित्र, आणि मोकळा वेळ. आपल्याकडील संग्राहकांपैकीं ज्यांच्याजवळ ज्ञान होतें त्यांच्याजवळ द्रव्य नव्हतें, व ज्यांच्याजवळ द्रव्य होतें त्यांना वेळ नव्हता, हें ध्यानीं आणलें म्हणजे ह्या चौकडीचें मोल कळतें.

१५९८ च्या फेब्रुवारींत त्यानें विद्यापीठाच्या व्हाइस-चॅन्सेलरास पत्र लिहून ड्यूक हंफ्रेची रिकामी खोली स्वखर्चानें पूर्ववत् करून देण्याचें कळविलें. चार वर्षें खपून, मित्रांकडून ग्रंथ मागून व परदेशीं माणसें पाठवून त्यानें दोन हजारांवर ग्रंथ जमविले, आणि ८ नोव्हेंबर १६०२ रोजीं ग्रंथालय उघडलें. हंफ्रेच्या मूळ ग्रंथांपैकीं अवघे तीन त्यांत परत आले होते.

५

बोडलेनें ग्रंथ दिले ही त्याच्या कामाची निम्मी बाजू. उरलेली निम्मी अशी.

पहिली गोष्ट, उत्पन्न. बर्कशायरमधील जमीन व लंडनमधील घरें विकत घेऊन त्यांचें भाडें त्यानें ग्रंथालयास कायमचें लावून दिलें. ग्रंथपालाचा पगार, दुरुस्ती व नवी खरेदी हीं ह्यांतून व्हावयाचीं होतीं. १६१३ सालीं तो वारला तेव्हां संपत्तीचा मोठा भाग ग्रंथालयाकडे गेला, व नातलगांनीं कुरकुर केली.

दुसरी गोष्ट, नियम. ग्रंथ बाहेर न्यावयाचा नाहीं, हा त्यांतील मुख्य. वाचकास आंत येण्यापूर्वीं शपथ घ्यावी लागे कीं, मी ग्रंथ नेणार नाहीं, खराब करणार नाहीं, व येथें विस्तव आणणार नाहीं वा पेटविणार नाहीं. ही शपथ प्रतिज्ञेच्या रूपानें अजून चालू आहे. ह्या नियमापायीं तेथें १८४५ पर्यंत ऊब नव्हती व १९२९ पर्यंत दिवा नव्हता. हिवाळ्यांत दिवसाउजेडीं कुडकुडत वाचावें लागे. मोठे ग्रंथ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सांखळ्यांनीं बांधलेले असत.

तिसरी गोष्ट, यादी. पहिला ग्रंथपाल टॉमस जेम्स ह्याच्याकडून तयार करवून बोडलेनें १६०५ सालीं ग्रंथालयाची सूची छापून प्रसिद्ध केली. तींत ग्रंथ धर्मशास्त्र, वैद्यक, कायदा व इतर विद्या ह्या चार शाखांनीं लावलेले होते. १६२० ची सूची ग्रंथकारांच्या नांवांच्या अनुक्रमानें निघाली. छापील सूची निघाल्यामुळें परगांवच्या पंडितासही तेथें काय आहे हें कळूं लागलें, व ग्रंथ नाहींसा झाल्यास तो होता हें नाकारण्याची सोय उरली नाहीं. दात्यांचीं नांवें एका भव्य नोंदवहींत लिहून ती ग्रंथालयांत सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी त्यानें ठेविली, त्यामुळें नवे दातेही पुढें आले.

चौथी गोष्ट सर्वांत दूरदृष्टीची. १६१० सालीं लंडनच्या मुद्रक व पुस्तकविक्रेत्यांच्या संघाशीं त्यानें करार करविला कीं, संघाच्या दप्तरीं नोंदलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयास फुकट मिळावी. करार नेहमींच पाळला गेला असें नाहीं. पण पुढील कायद्यांनीं तेंच तत्त्व उचललें, आणि आज ग्रंथालयांत १ कोटी ३० लाखांवर छापील ग्रंथ आहेत, त्यांतील पुष्कळांचें मूळ ह्या एका करारांत आहे.

६

नियमांची कसोटी लवकरच लागली. १६४५ सालीं खुद्द पहिल्या चार्ल्स राजानें एक ग्रंथ मागविला असतां ग्रंथपाल जॉन राऊस ह्यानें संस्थापकाचे नियम पुढें केले, व राजानें ते मान्य केले. १६५४ सालीं क्रॉम्वेलनें पोर्तुगालच्या वकिलासाठीं एक हस्तलिखित मागितलें, त्यालाही नकारच मिळाला. राजाला नाहीं, राजाचा शिरच्छेद करणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यालाही नाहीं. मध्यंतरीं १६४६ त ऑक्सफर्ड शहर पार्लमेंटच्या फौजेच्या हातीं आलें, तेव्हां सेनापति फेअरफॅक्सनें ग्रंथालयावर पहारा बसवून त्याचें रक्षण केलें. ही शिस्त पाहूनच मोठमोठे संग्राहक आपला ठेवा तेथें देऊं लागले. आर्चबिशप लॉडनें १६३५ ते १६४० पर्यंत सुमारें १३०० हस्तलिखितें दिलीं. सेल्डनचे सुमारें ८००० ग्रंथ १६५९ त आले. रॉलिन्सनचीं ५००० वर हस्तलिखितें १७५५ त मिळालीं.

दोष नव्हते असें नाहीं. बोडले स्वतः नाटकांच्या पुस्तकांस केरकचरा समजे. त्याच्या मृत्यूनंतर १६२३ सालच्या शेक्सपिअरच्या पहिल्या संग्रहाची प्रत करारानें ग्रंथालयास मिळाली खरी, पण पुढें १६६४ ची नवी आवृत्ति हातीं येतांच जुनी निरुपयोगी म्हणून ती विकली गेली. १९०५ सालीं एका विद्यार्थ्यानें बांधणीच्या सल्ल्यासाठीं एक जुनें पुस्तक आणलें, तें तीच प्रत होती. बांधणीवरून ती ओळखली गेली. ती परत घेण्यासाठीं ग्रंथालयास वर्गणी गोळा करून ३००० पौंड मोजावे लागले. ‘जुनें झालें, नवी आवृत्ति आहे’ म्हणून पोथी रद्दींत घालणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

ह्याच्या उलट बाजूचेंही एक उदाहरण आहे. १६०४ च्या सुमारापासून बोडले चिनी पुस्तकें मिळवीत होता. त्या वेळीं तीं वाचूं शकणारा ऑक्सफर्डांत कोणीही नव्हता. तीं तशींच जपलीं गेलीं, आणि १६८७ सालीं शेन फुत्सुंग नांवाचा चिनी गृहस्थ तेथें आला, तेव्हां ग्रंथपाल टॉमस हाइड ह्यानें त्याच्या साह्यानें त्यांची नोंद केली. वाचक येण्यास ८० वर्षें लागलीं. ग्रंथ सांभाळणाऱ्यास एवढी वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

७

आतां आपल्या देशाच्या संबंधाकडे वळूं. लॉडच्या दानांतच रागमालेच्या चित्रांचा एक संग्रह आहे. सुरतेस राहिलेला जेम्स फ्रेझर ह्यानें जमविलेलीं फारसी व संस्कृत हस्तलिखितें त्याच्या मृत्यूनंतर १७५८ सालीं तेथील रॅडक्लिफ ग्रंथालयानें घेतलीं, व तीं १८७२ त बोडलेच्या ग्रंथालयांत आलीं. मुंबईच्या पलटणींत नोकरी केलेल्या कर्नल बोडनच्या पैशांतून ऑक्सफर्डला संस्कृतची गादी स्थापन झाली. तिचा पहिला अध्यापक विल्सन ह्याचा पोथीसंग्रह १८४२ त विकत घेण्यांत आला. बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर, ज्याचें नांव गायकवाडांच्या कागदपत्रांत आमच्या वाचकांनीं अनेकदां पाहिलें असेल, त्याचा संग्रह १८४५ त त्याच्या मुलानें ग्रंथालयास दिला. पेशावराकडील बख्शाली गांवीं १८८१ सालीं जमीन खणतांना सांपडलेली गणिताची भूर्जपत्रें, सत्तर पानें, हर्नलेनें १९०२ त दिलीं. त्यांच्या काळाविषयीं वाद अजून मिटलेला नाहीं.

पण पोथ्या तेथें गेल्यामुळें त्यांचा उपयोग झाला असें म्हणणें अपुरें आहे. उपयोग झाला तो औफ्रेक्टनें त्यांची लॅटिन भाषेंत वर्णनात्मक सूची तयार केली, व ती १८६४ पर्यंत छापून पुरी झाली, म्हणून. ह्या कामांत मुरलेल्या त्याच विद्वानानें पुढें सर्व ठिकाणच्या संस्कृत पोथ्यांची एकत्र सूची १८९१ ते १९०३ च्या दरम्यान तीन भागांत काढली. डॉ. भांडारकरांपासून परशुराम कृष्ण गोडे ह्यांच्यापर्यंत आपले संशोधक ज्या तऱ्हेचें कालनिर्णयाचें काम करीत आले, त्याला अशा सूच्यांवांचून गति नाहीं.

ह्याचा पुरावा उलट बाजूनेंही मिळतो. १९०९ सालीं नेपाळचे पंतप्रधान महाराज चंद्र शमशेर ह्यांनीं ६००० हून अधिक संस्कृत पोथ्या ह्याच ग्रंथालयास दिल्या. एवढें मोठें दान, एवढें शिस्तीचें ग्रंथालय. परंतु त्या संग्रहाच्या छापील वर्णनात्मक सूचीचा पहिला भाग, डेव्हिड पिंग्री ह्यांनीं केलेला ज्योतिषशास्त्राचा, निघाला तो १९८४ सालीं. पाऊणशें वर्षें त्या पोथ्या सुरक्षित होत्या, पण बाहेरच्या अभ्यासकास बहुतांशीं नसल्यासारख्याच होत्या. बोडलेच्या उत्पन्नानें व नियमांनीं पोथी वांचते. ती बोलकी होते ती यादीनें.

८

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाशीं ह्या कथेचा एक लहानसा धागा जुळतो. प्रेमचंद रायचंद ह्यांनीं १८६४ सालीं ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं २ लाख व मातोश्री राजाबाईंच्या नांवें मनोऱ्यासाठीं २ लाख रुपये दिले. तिचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्याचा. त्याचाच नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट ह्यानें ऑक्सफर्डला बोडलेच्या ग्रंथालयाची नवी इमारत बांधली, जी १९४६ त रीतसर उघडली. राजाबाईचा मनोरा मुंबईंत सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या पायथ्याशीं असलेल्या ग्रंथालयांतील संस्कृत व प्राकृत पोथ्यांची देवस्थळी ह्यांनीं केलेली सूची १९४४ त निघाली, ती मात्र किती थोड्यांस ठाऊक आहे! इमारत दिसते, यादी दिसत नाहीं. पण आमच्यासारख्यांचें काम यादीवरच चालतें.

आमचें सांगणें एवढेंच आहे. महाराष्ट्रांत राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढल्यापासून दप्तरें शोधण्याची व जमविण्याची हौस खूप वाढली, आणि तिनें इतिहासाचें फार हित केलें. परंतु घरोघर माळ्यांवर अजून जे रुमाल व जीं बाडें आहेत, त्यांना लुटारूचें भय थोडें, वाळवीचें व कसरीचें अधिक, आणि सर्वांत अधिक भय विस्मृतीचें. ज्यांना आपला संग्रह संस्थेस द्यावयाचा आहे त्यांनीं कोबमप्रमाणें कर्जाच्या भरंवशावर व हंफ्रेप्रमाणें तोंडच्या वचनावर तो ठेवूं नये. देण्यापूर्वीं आपल्या हयातींत, आपल्या हातानें, यादी करावी. पोथीचें नांव, कर्ता, पानें, शक, लेखक, आरंभ व शेवट, आणि ती कोणाच्या घरून आली, इतकें लिहिलें तरी पुरे. यादीच्या तीन प्रती करून एक घरीं, एक संस्थेंत व एक तिऱ्हाइताकडे ठेवावी. देण्याच्या अटी कागदावर उतराव्या, व जमेल तेवढें द्रव्य संग्रहाबरोबरच द्यावें. घेणाऱ्या संस्थांनींही नुसता स्वीकार न करतां सूची किती मुदतींत छापणार हें लिहून द्यावें.

हें काम ऐपतीचें नाहीं, बैठकीचें आहे. एका पावसाळ्यांत शंभर पोथ्यांची यादी एकट्या मनुष्याच्या हातून सहज होते. आमच्या वाचकांपैकीं दहा जणांनीं जरी येत्या चातुर्मासांत तें मनावर घेतलें, तरी हजार पोथ्यांचा ठावठिकाणा कागदावर येईल.